वीणाबाईंची बर्बन

सेक्टर बावीसमधल्या दारूच्या ठेक्यावर वीणा खांबेटे पहिल्यांदा एकट्या गेल्या, तेव्हा काउंटरवरच्या नरेशने काही न विचारताच गोड वाइनची बाटली पुढे सरकवली.

"आंटीजी, लेडीज़ यही लेती हैं."

"लेडीज़ को लेने दो. मुझे बर्बन दिखाओ," वीणाबाई म्हणाल्या आणि पर्समधून वाचायचा चष्मा काढला.

पुढची वीस मिनिटं रांग तुंबली. बाई एकेक बाटली उजेडात धरून लेबल वाचत होत्या. रंगावर जायचं नाही, खोक्यावरच्या सोनेरी नक्षीवर तर मुळीच नाही. पिंपात किती वर्षं मुरली, किती कडक आहे, धान्य कोणतं, हे जिच्यावर सरळ लिहिलंय तीच घ्यायची. बर्बन म्हणजे निम्म्याहून जास्त मका आणि आतून जाळलेलं ओकच्या लाकडाचं कोरं पिंप. मक्याच्या रोटीवर जीव टाकणारी इथली माणसं मक्याच्या व्हिस्कीला हलकी समजतात, याचा बाईंना भारी राग. मागून कोणी तरी ओरडलं, "माताजी, जल्दी करो!" बाईंनी वळूनही पाहिलं नाही. "बेटा, तुझे तो सोडा ही पीना है. तुझे क्या जल्दी?" रांग हसली, आणि नरेश त्या दिवसापासून त्यांचा झाला. नवीन बर्बन आली की त्याचा फोन यायचा.

नाकाची नोकरीच बाईंनी सव्वीस वर्षं केली होती. सरकारी प्रयोगशाळेत तूप, मध आणि हिंग तपासताना यंत्राचा कागद बाहेर यायच्या आधी त्या भेसळ सांगायच्या. निवृत्तीनंतर कोणी तरी अमेरिकेहून बर्बनची बाटली आणली. त्यांनी सहज हुंगली आणि तिथेच उभ्या राहिल्या. काकवी! कागलच्या गुऱ्हाळातली, कढईच्या काठाला जराशी करपलेली. तिच्या मागून भाजलेलं कणीस, मग जायफळ. लग्न होऊन वायुसेनेच्या बदल्यांबरोबर उत्तरेत आल्यापासून हा वास त्यांना कोणी दिला नव्हता.

तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी एक छोटा ग्लास. कोला नाही, सोडा नाही, बर्फ नाही. वास मोकळा व्हावा म्हणून चमच्याने चार थेंब पाणी, बस्स. पहिला घोट जिभेला ओळख करून देण्यापुरता, खरी चव दुसऱ्यापासून. एवढासा ग्लास संपायला पाऊण तास लागायचा, आणि पतियाळा पेग घटाघटा रिचवणाऱ्यांची त्यांना कीव यायची. नवरा, विंग कमांडर सुरेश, शेजारी बसून आपली रम प्यायचा. शोकेसमध्ये दोघांच्या बाटल्या शेजारी शेजारी असत आणि कोणाच्याही पोटात दुखत नसे.

दोन वर्षांपूर्वी सुरेश गेले आणि त्याच बाटल्या लोकांच्या डोळ्यांवर आल्या. मोहालीत राहणारा धाकटा दीर अंबरीश वहिनींची काळजी घ्यायला दर रविवारी येऊ लागला. "वहिनी, बाटल्या आता आत ठेवा ना." वहिनींनी ठेवल्या नाहीत. मग या गृहस्थाने दादांचा हार घातलेला फोटो आणून थेट शोकेसमध्ये, बाटल्यांच्या मधोमध उभा केला आणि सोसायटीभर सांगितलं की ही दादांची आठवण आहे. शेजारच्या ज्ञानदा केतकर डोळे पुसत म्हणाल्या, "किती जपलंत हो त्यांचं सगळं!" आठवण दर महिन्याला चार बोटं खाली जाते, हे एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नाही.

वीणाबाईंच्या मात्र जिव्हारी लागलं. पिण्याची त्यांना लाज नव्हती आणि मिरवायची हौसही नव्हती. पण सगळ्या घरात ही एकच गोष्ट त्यांनी स्वतःच्या नाकाने, स्वतःसाठी निवडलेली, आणि तीही कोणी परस्पर नवऱ्याच्या नावावर चढवून टाकत होतं. त्यांनी अंबरीशला बजावलं, बाटल्या माझ्या आहेत. तो म्हणाला, "मला माहितीये हो वहिनी, पण लोकांना कशाला? तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

सुरेश असते तर त्यांची सत्तरी असती, तो दिवस आला. जुने सहकारी जमले, केतकर आल्या, दिल्लीहून पूर्वी नावाची त्यांची लेक आली. चहा-समोसे फिरल्यावर अंबरीश उठला. शोकेसमधली नवी, न उघडलेली बाटली त्याने काढली. तीन महिने वाट पाहून वीणाबाईंनी मिळवलेली ती बाटली. त्याने झाकण पिरगाळलं, फोटोपुढे ग्लास ठेवून तो निम्म्याच्या वर भरला. "दादांची आवडती बर्बन! चिअर्स टू दादा!" म्हणत त्याने दुसऱ्या हाताने कोला उचलला.

बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"थांबा, अंबरीश."

"मम्मा, रहने दो ना," पूर्वी कुजबुजली.

"नाही राहू द्यायचं. ही बर्बन माझी आहे. मी निवडली, मी आणली आणि मीच पिते. सुरेशना तिचा एक थेंबही आवडत नव्हता. सत्तरीच्या दिवशी तरी त्यांना नावडतं पाजू नका."

केतकरांचा समोसा हातातच राहिला. मग सुरेशबरोबर वीस वर्षं काढलेले विजयकुमार घसा खाकरून म्हणाले, "भाभीजी ठीक कह रही हैं. साहब रम पीते थे. सिर्फ रम."

"वहिनी, चार लोकांत हे असं..." अंबरीशचे कान लाल झाले होते.

"चार लोकांतच खोटं सांगितलंत ना तुम्ही? मग खरंही चार लोकांतच सांगायला हवं."

त्यांनी फोटोपुढचा ग्लास उचलला. त्यातली बरीचशी बाटलीत परत ओतली, एक थेंब न सांडता. सव्वीस वर्षांचा हात होता. मग चमच्याने मोजून चार थेंब पाणी घातलं आणि सगळ्यांच्या देखत आपल्या खुर्चीत बसून सावकाश वास घेतला. पहिला घोट झाला, दुसरा झाला. मग सगळ्यांकडे बघत म्हणाल्या,

"घाबरू नका, ज्याला हवी त्याला देईन. फक्त मागताना म्हणायचं, वीणाची द्या."