वहिनीचे पाय आणि इंग्रजी चूल

आमच्या घरातली विजेची चूल वहिनीला मारत होती आणि आमचं घर म्हणत होतं, वहिनी सोंग करते. आधीच सांगून टाकते, कारण ही गोष्ट गोड करून सांगायची माझी इच्छा नाही.

यवतमाळात आमच्या गल्लीत वीज येऊन थोडीच वर्षं झाली होती. सिव्हिल लाइनीतला एक साहेब बदलून गेला, त्याचं सामान विकायला निघालं, आणि माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, बैलगाडीत घालून ती चूल घरी घेऊन आला. पांढरी, कमरेइतकी उंच, वर तापणाऱ्या चार तबकड्या आणि खाली पाव-बिस्किटं भाजायची भट्टी. सगळी गल्ली बघायला जमली. कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून असलेल्या माणसाच्या घरी इंग्रजी चूल! दादा दोन दिवस तिच्याशिवाय दुसरं काही बोललाच नाही.

वायरमन आला आणि मीटरपासून जाड वायर ओढून देऊन गेला. दोन तबकड्या एकदम चालू केल्या की फ्यूज उडायचा, म्हणून एकेकच वापरायची असं ठरलं. चूल ठेवली सैपाकघराच्या दाराशी, चार विटांवर. आईनं हळदीकुंकू लावलं आणि सांगून टाकलं, "म्या काही हिले हात लावत नाही. माही चूल मले बरी. पन हे बी चूलच हाय नं? मंग सकाळी पोतेरं झाल्याबिगर पेटवाची नाही."

म्हणजे रोज सकाळी शेणामातीनं जमीन सारवायची, ओल्या फडक्यानं चूल पुसायची, आणि मग त्याच ओल्या जमिनीवर उभं राहून चहा ठेवायचा. कोणी? वहिनीनं. सासूचा नियम, नवऱ्याची हौस आणि सुनेचे पाय.

पहिल्या आठवड्यातच ती मला म्हणाली, "ताई, हिच्यात मुंग्या हायेत. हात लावला का बोटातून वर चढतेत."

"दादाले सांग."

"सांगतलं. हसले."

दादा संध्याकाळी कामावरून आला की दाराच्या सागवानी उंबरठ्यावर उभा राहून आत वाकायचा आणि चुलीवर थापा मारायचा, म्हशीच्या पाठीवर माराव्यात तशा. "पाय! काही होऊन राह्यलं का मले? बोरी अरबले, तुह्या गावी, बापाच्या घरी बटन पायलं होतं का कधी? भेव वाटते तुले, दुसरं काही नाही."

मग एका सकाळी भाकरी उलटताना तिला असा झटका बसला, की हातातला सराटा उडून समोरच्या भिंतीवर आदळला. आई म्हणाली, "कामाचा कंटाळा हाय तिले. आता भांडे फेकून राह्यली." मी भांडले. मी तेव्हा जिनिंगमधल्या बायांच्या मजुरीसाठी पत्रकं लिहायचे, वाटायचे, कोपरासभा घ्यायचे. घरात मी तोंड उघडलं की दादा आईकडं पाहून म्हणायचा, "झाली हिची सभा सुरू. सतरंजी अंथर, माय."

माझ्या हट्टामुळं वायरमनला पुन्हा बोलावलं. तो दुपारी आला. पायात बूट. आई म्हणाली, बूट घालून सैपाकघरात यायचं नाही. तो म्हणाला, विजेच्या कामात बूट काढत नसतो. शेवटी चूलच ओढून ओसरीतल्या फरशीवर आणली. त्यानं बटण दाबलं, तबकडी लाल झाली, त्यानं पत्र्यावर हात फिरवला.

"मशीन फस्क्लास हाय. बाईले वहम झाला असन."

वहिनी दाराआड उभी होती. तिला कोणी आत बोलावून विचारलं नाही, की बाई, कुठं लागतं, कधी लागतं, लागतं तेव्हा तू कशी उभी असतेस? ज्याला लागतं त्यालाच विचारायचं नाही, ही आमच्या घरातली रीत. मजुरीच्या चौकशीत हेच चालतं म्हणून मी बाहेर ओरडत होते, आणि घरात तेच चाललं होतं. वायरमन गेल्यावर दादा थंडपणे म्हणाला, "आता तं वायरमनानं बी सांगतलं. उद्यापासून हे नाटक बंद. नाही तं माहेरी जाय चार महिने, सोंग उतरलं का ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीत पत्रकांच्या घड्या घालत होते. सैपाकघरातून एक आवाज आला. किंकाळी नव्हे. घशात काहीतरी अडकल्यासारखा, दबलेला. मी धावले. वहिनीचा उजवा हात भट्टीच्या मुठीला चिकटला होता. मूठ आवळलेली, मान मागे गेलेली, डोळे माझ्याकडं, पण ते मला पाहत नव्हते. मी हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. आमच्या सभांच्या मंडपात लाउडस्पीकर लावणारे लोक नेहमी बजावायचे, चिकटलेल्या माणसाला धरायचं नाही, आधी मेन स्विच पाडा. मेन ओसरीच्या भिंतीवर. मी उलटी पळाले, वाटेत पत्रकांच्या गठ्ठ्याला अडखळले, उठले आणि मेन खाली ओढला. आत ती धपकन पडली.

आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. बोटं पांढरी पडली होती, तळहातावर दोन काळे डाग होते. बऱ्याच वेळानं वहिनी बोलली, "म्या सोंग नाही करत होती, आत्याबाई." आईचा हात वहिनीच्या कपाळावरून हलला नाही.

दादा बाहेरून आला. त्याचा चेहरा पडला, पण जीभ सरळ होईना. "वायरमन तं म्हने..."

"वायरमन बूट घालून फरशीवर उभा होता," मी म्हणाले. "तू लाकडाच्या उंबरठ्यावर उभा राह्यतं, चपला घालून. ती अनवानी ओल्यात उभी राह्यते. दादा, या घरात त्या चुलीले हात आन जमिनीले पाय लावून उभं राहनारं तिच्याशिवाय हाय कोन?"

"तुह्या सभेतलं मले सांगू नको. पुरावा दे."

दिला. मंडपातले लोक वायर तपासायला बल्ब वापरायचे, ते मी अनेकदा पाहिलं होतं. ओसरीतला बल्ब काढून जुन्या होल्डरात बसवला, होल्डरला वायरीचे दोन तुकडे जोडले. चुलीभोवतीच्या ओल्या जमिनीत लोखंडी पहार ठोकली आणि एक टोक तिला गुंडाळलं. दुसरं टोक भट्टीच्या मुठीला बांधलं. होल्डर कोरड्या पाटावर ठेवला आणि सगळ्यांना बाहेर काढलं. मग आईला म्हणाले, "माय, मेन चढव."

आईनं मेन चढवला.

बल्ब लागला. अंधारलेल्या सैपाकघरात तो नुसत्या चुलीच्या पत्र्यावर आणि आमच्या जमिनीवर जळत होता. ज्या करंटावर घरातला दिवा लागतो, तो रोज सकाळी त्या पोरीच्या अंगातून जात होता, आणि आम्ही तिला कामचुकार म्हणत होतो. हे वाक्य मी तेव्हा मोठ्यानं म्हटलं. दादानं मान खाली घातली. आईनं स्वतःच मेन पाडला.

संध्याकाळी वायरमन आला. या वेळी आई म्हणाली, "बूट घालून ये, नाही तं डोक्यावर घेऊन ये, पन चूल आहे तिथंच खोल." त्यानं मागचा पत्रा काढला. वायर ज्या भोकातून आत गेली होती, तिथं रबर झिजून तांबं उघडं पडलं होतं आणि थेट पत्र्याला टेकलं होतं. शेजारी तिसरी वायर काळी पट्टी गुंडाळून घडी करून ठेवलेली.

"ही कायची?" मी विचारलं.

"ते अर्थिंगची. जास्तीची होती. घरोघरी दोनच लावतेत, ताई."

"जास्तीची? पत्र्यातला करंट जमिनीत न्याले ती वायर असते. तुमी ती गुंडाळून ठेवली, म्हनून तो हिच्या पायातून जमिनीत गेला!"

 त्याला मी तसं सोडलं नाही. परसात खड्डा खणवला, लोखंडी नळ पुरला, भोवती कोळसा आणि मीठ घालून पाणी ओतलं, आणि ती तिसरी वायर त्या नळाला जोडून घेतली. भोकात नवी रबरी चकती बसवली, झिजलेला तुकडा कापून टाकला. पुन्हा बल्ब लावून पाहिला. लागला नाही. वायरमन म्हणाला, आता बिनधास्त वापरा, आणि निघून गेला.

सकाळी सारवण झालं. चूल मात्र कोरड्या फडक्यानं पुसली. दादा म्हणाला, "आता ठेव चहा."

वहिनी जागची हलली नाही. पट्टी बांधलेला हात पदरात धरून ती म्हणाली, "तुमी ठेवा."

"म्या?"

"चपला काढा. इथं ओल्यात उभे राहा, मी राह्यते तसे. मंग ठेवा."

आमच्या घरात सुनेनं नवऱ्याला असं कधी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आता आई बोलेल. आई आपल्या चुलीतली राख उकरत राहिली.

दादानं चपला काढल्या आणि आत आला. ओल्या सारवणात त्याचे पाय उमटले. त्यानं भांड्यात दूध घातलं, बटण दाबलं आणि हात पाठीमागं बांधून उभा राहिला. कपाळावर घाम. दूध तापलं, कडेनं बुडबुडे आले, चढू लागलं.

"उतू जाऊन राह्यलं," वहिनी म्हणाली. "उतरवा."

त्याचा हात पुढं आला आणि मध्येच थांबला. काल बल्ब लागला नाही, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तरीही. दूध कडेवरून वाहून तबकडीवर चरचरलं, जळका वास घरभर झाला. मग त्यानं डोळे मिटले आणि भांडं धरलं.

काही झालं नाही. त्यानं भांडं खाली ठेवलं आणि तिथंच उभा राहिला.

"असं भेव वाटे मले," वहिनी म्हणाली, "रोज."

"हो," दादा म्हणाला.

ती पुढं झाली, बटण बंद केलं आणि सांडलेलं दूध पुसायचं फडकं त्याच्या हातात दिलं.