मिठाच्या सहा पिशव्या

मी चौथीपर्यंत शिकलो आणि बत्तीस वर्षं ट्रक चालवला. त्यामुळे गाडीबद्दल मला कोणी काही सांगितलेलं खपत नाही. घाटात चालवली, पुराच्या पाण्यातून काढली, काळ्या मातीच्या चिखलात रात्र काढली, पण गाडी एकदाही पलटी केली नाही. हे मी कोणी न विचारता सांगतो. पुढची गोष्ट मात्र कोणी विचारली तरी सांगितलेली नाही.

दोन हजार पाच सालचा हिवाळा मी अमेरिकेत मुलाकडे काढला. न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला. मुलगा कॉम्प्युटरवाला. सकाळी अंधारातच मोठी गाडी घेऊन स्टेशनवर जायचा, तिथून रेल्वेनं न्यूयॉर्कला. सून त्याच्याइतकीच शिकलेली, पण तिचा व्हिसा बायको म्हणून मिळालेला. त्यावर नोकरी चालत नाही. तीन वर्षं ती घरात बसून होती. त्या ऑक्टोबरात तिला कामाचा व्हिसा मिळाला आणि औषधांच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये ती लागली. चौदा मैल लांब. तिकडं जायला ना बस, ना रिक्षा. गाडी चालवली तर नोकरी, नाही तर पुन्हा घर आणि पुन्हा तो बायकोचा व्हिसा. म्हणून तिच्यासाठी एक जुनी लहान गाडी घेतली होती. आपल्याकडं चार माणसं बसली की भरते, तेवढीच.

डिसेंबरात पहिलं बर्फ पडलं. त्या रविवारी सून म्हणाली, "अण्णा, चला, मला प्रॅक्टिस करायचीय." एक मोठं दुकान बंद पडलं होतं, त्याच्यासमोरचं पटांगण रिकामं होतं. त्यावर चार बोटं बर्फ. तिथं ती मुद्दाम गाडी घसरवायची. जोरात ब्रेक मारला की चाकं जाम व्हायची आणि गाडी स्टेअरिंगला न जुमानता सरळ जायची. ब्रेकवरचा पाय काढला की चाकं फिरू लागायची आणि गाडी पुन्हा ऐकायची. मग हँडब्रेक ओढून ती मागची बाजू घसरवायची, आणि मागचं जिकडं पळेल तिकडंच स्टेअरिंग वळवून गाडी सरळ करायची.

"हे कुठं शिकलीस?"

"लॅबमध्ये एक जण आहे, बर्फातच वाढलेला. तो म्हणतो, घसरल्यावर काही करायची घाई करायची नाही. पाय काढायचा आणि जायचंय तिकडे बघायचं. झाडाकडे बघितलं तर झाडावरच जातो आपण."

"सर्कशीत घालू का तुझं नाव?" मी म्हणालो.

ती हसली. मला मनातून कळत होतं, पोरगी बरोबर करतेय. चिखलात मीही तेच करायचो, फक्त कोणाला कधी सांगता आलं नसतं. मला जे हातानं येत होतं ते हिला शब्दांत सांगता येत होतं. तेच मला टोचलं असावं. म्हणून मीही माझं एक ज्ञान काढलं.

"एवढी कसरत कशाला? मागं वजन टाक. मोकळी गाडी चिखलात नाचते, भरलेली गाडी जमीन धरून जाते."

"ते ट्रकला, अण्णा. ट्रकची मागची चाकं ढकलतात. हिची पुढची चाकं ओढतात. मागे वजन टाकलं तर पुढचं हलकं होणार आणि मागचं फिरणार." मग मला समजावं म्हणून म्हणाली, "बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते ना? जू वर जातं, बैलांचे पाय उचलतात. तसंच."

"आता मला बैलगाडी शिकवणार तू?"

"तसं नाही हो..."

"चालव. तुझं चालू दे."

घरी आलो. तिनं चहा दिला, तो मी गार होऊ दिला.

गॅरेजमध्ये मुलानं मिठाच्या पिशव्या आणून रचल्या होत्या. दारापुढचं बर्फ वितळवायला तिकडं मीठ टाकतात. एकेक पिशवी आपल्या वीस-बावीस किलोची. जानेवारीत एका संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं की उद्या सकाळी बर्फ पडणार. सून आत पोळ्या करत होती. मी कचरा टाकून येतो म्हणालो आणि गॅरेजमध्ये गेलो. तिच्या गाडीच्या डिकीत सहा पिशव्या ठेवल्या, अगदी मागं, दाराला टेकवून. डिकीतलंच तिचं बर्फ काढायचं फावडं वर ठेवलं. कमरेत कळ आली, पण बरं वाटलं. उद्या संध्याकाळी ती घरी आली की विचारणार होतो, काय सूनबाई, आज गाडी कशी चालली? ती म्हणणार, छान चालली. मग डिकी उघडून दाखवणार होतो.

आजवर मी स्वतःला सांगत आलो की तिच्या काळजीपोटी केलं. काळजी होती, नाही असं नाही. पण नुसती काळजी असती तर मी तिला सांगून केलं असतं.

सकाळी ती नेहमीसारखी पर्स पुढच्या सीटवर टाकून गेली. डिकी उघडायचं कारणच नव्हतं. मी खिडकीतून पाहिलं, गाडी मागं दबलेली दिसत होती. मी मनात म्हणालो, आता कशी जमीन धरेल.

दीड तासानं ती गाडी ओढून आणणाऱ्या ट्रकात बसून परत आली. तिच्या गाडीचं मागचं एक चाक आत वाकलेलं. वर्कशॉप बर्फामुळं बंद होतं म्हणून त्या माणसानं गाडी आमच्या दारातच उतरवली. सून ठीक होती. "मी आंघोळ करते, अण्णा," म्हणाली आणि वर गेली.

पाण्याचा आवाज येऊ लागला तसा मी बाहेर गेलो आणि सहाही पिशव्या गॅरेजमध्ये परत नेऊन होत्या तशा रचल्या. बत्तीस वर्षांत मालाची चोरी केली नाही, पण त्या दिवशी मी चोरासारखा वळून वळून घराच्या दाराकडं बघत होतो.

संध्याकाळी मुलगा आला. जेवताना ती सगळं सांगत होती. तळ्याजवळच्या वळणावर गाडी आधी वळेचना, सरळच निघाली. तिनं पाय काढला. मग पुढच्या चाकांनी पकड घेतली आणि मागची बाजू दार फिरावं तशी फिरली. तिनं स्टेअरिंग तिकडं वळवलं, तरी मागचं थांबलं नाही. गाडी पूर्ण गिरकी घेऊन रस्त्याच्या उंच दगडी काठावर आपटली. काठाच्या पलीकडं उतार आणि खाली गोठलेलं तळं.

"मी सगळं बरोबर केलं," ती म्हणाली. "त्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये गाडी थांबायची. आज जणू मागून कोणी ढकलत होतं."

ती हातानं दाखवत होती आणि माझ्या हातांना कळत होतं. मागं सव्वाशे किलो. पुढचं हलकं, मागचं जड. ती म्हणाली होती अगदी तसंच.

"यू पॅनिक्ड," मुलगा म्हणाला. "होतं. पण अ‍ॅक्सेप्ट कर ना."

"मी पॅनिक नाही झाले."

"अण्णा, तुम्ही सांगा. इतकी वर्षं गाडी चालवलीत तुम्ही."

सूनही माझ्याकडं बघत होती. मी ताटातली भाजी सारखी केली आणि म्हणालो, "होतं असं. बाईमाणसाचा हात हलका पडतो."

उठून तिनं आपलं ताट उचललं.

मुलानं ठरवलं, मार्चपर्यंत तिनं गाडी चालवायची नाही. तिच्या कामावरची एक मैत्रीण महिनाअखेरपर्यंत तिला न्यायला तयार झाली. नंतर ती मैत्रीण दुसऱ्या गावी राहायला जाणार होती. "मग नोकरी सोड," मुलगा म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी व्हिसा मिळेल की नाही हे त्यालाही माहीत नव्हतं. गाडी दुरुस्त होऊन आली आणि गॅरेजमध्ये त्या पिशव्यांच्या शेजारीच उभी राहिली. किल्ली त्यानं आपल्याकडं ठेवली.

दोन आठवडे मी रोज ठरवायचो, आज बोलू. रोज काही तरी निघायचं. तो दमून आलाय, ती फोनवर आहे, आज संकष्टी. माणूस आपल्याच तोंडाला किती कुलपं लावतो.

एका शनिवारी दुपारी मुलगा वाण्याकडं गेला होता. सून कॉम्प्युटरपुढं बसली होती, पण बोटं हलत नव्हती.

"काय लिहितेस?"

"राजीनामा."

इंग्रजीतल्या चार ओळी. मला वाचता येत नव्हत्या. मी खुर्ची ओढली, पण बसलो नाही.

"सूनबाई, त्या दिवशी डिकीत मी मिठाच्या पिशव्या ठेवल्या होत्या. सहा."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"चाकाजवळचं बर्फ काढायला फावडं हवं होतं. डिकी उघडली तेव्हाच बघितल्या."

मला आठवलं, मी पिशव्या काढल्या तेव्हा वरचं फावडं ओलं होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलले असते तर तो तुम्हाला बोलला असता. मग तुम्ही पुढच्या विमानानं निघाला असता आणि जन्मभर माझ्या नावानं बोटं मोडली असती." त्यात एक शब्द खोटा नव्हता. "आणि घरी आल्यावर तुम्ही सांगाल असं वाटलं होतं. त्यानं तुम्हाला विचारलं ना, तेव्हाही वाटलं."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मलाही ओरडता आलं असतं. ओरडणं मला येतं.

"चुकलं माझं," हे दोन शब्द जिभेपर्यंत आले. त्याऐवजी मी म्हणालो, "आता काय करायचं?"

"मला सांगून काय उपयोग, अण्णा? मला तर माहीतच होतं. त्याला सांगा."

मुलगा वाण्याचं सामान घेऊन दारात आला, बूट काढत होता, तिथंच मी त्याला सांगितलं. सगळं. अगदी मागं ठेवल्या, दाराला टेकवून, हेही. तो ओरडेल, तिकीट काढेल, काहीही करेल, मी तयार होतो.

तो हसला. "काय अण्णा! ट्रक समजलात का काय तिला?" माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे हो. चांगल्यासाठीच केलंत तुम्ही." आणि आणलेलं सामान फ्रिजमध्ये लावायला लागला.

झालं. एवढंच. सगळं बरोबर करून तिला दोन आठवडे ऐकावं लागलं होतं. मला मिनिटभरही नाही. तो तिला सॉरीसुद्धा म्हणाला नाही. फ्रिजपुढं उभा राहून पाठमोराच विचारत होता, कोथिंबीर कुठं ठेवू. मी त्याच्याकडं बघत होतो. ही रीत त्यानं शाळेत शिकलेली नव्हती. त्याची आई जिवंत असताना आमच्या घरात तो हेच बघत वाढला होता.

सून कॉम्प्युटर बंद करून आली. तिनं त्याच्यापुढं हात धरला.

"किल्ली."

"अगं देतो ना, सोमवारी..."

"आत्ता."

त्यानं खिशातून काढून दिली. ती गॅरेजमध्ये गेली. बाहेर भुरभुर बर्फ पडत होतं. गॅरेजचं दार वर गेल्याचा आवाज आला, मग गाडी सुरू झाल्याचा. मी चपलेवरच बाहेर गेलो. मला म्हणायचं होतं, मीही येतो. तोवर ती रस्त्याला लागली होती. कोपऱ्यावर गाडीचं मागचं जरासं हललं, तिनं सावरलं आणि गेली. मोजे ओले होईपर्यंत मी तिथंच उभा होतो.