ढगाखाली न हलणारा डबा

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाला ठिबकच्या नळ्या मोजून देत होतो. फोन ठेवला आणि उरलेल्या नळ्याही मोजून दिल्या. रडू आलं नाही... अजूनही आलेलं नाही.

नाना माझे थोरले चुलतभाऊ. धुळ्याच्या एका कॉलेजात वीज शिकवायचे. माझं विजेचं ज्ञान फ्यूज उडवण्यापुरतं, म्हणूनच बहुधा ते मला सगळं समजावत. कॉलेजातली मुलं प्रश्न विचारायची, मी नुसती मान हलवायचो. साक्रीकडच्या डोंगरातल्या एका उपकेंद्रात लसींचा फ्रिज सोलरवर चाले. पावसाळ्यात बॅटरी पुरती भरत नसे, लसी फेकाव्या लागत. नानांनी ते मनावर घेतलं. पॅनेलमधून पुरेपूर वीज काढायची, तर ऊन बदलेल तसा त्याच्यावरचा भार बदलावा लागतो. ते काम आपोआप करणारा डबा त्यांनी बनवला. "किंचित सरकायचं. वीज वाढली तर त्याच बाजूला आणखी, घटली तर मागे."

"मला भाजीत मीठही असंच घालायला सांगतात," वहिनी म्हणायच्या, "पण मागे कसं घेऊ?"

उन्हात डबा झकास चाले. ढग आला की मात्र भांबावे. वीज घटायची ढगामुळे, याला वाटायचं आपलंच चुकलं, आणि तो भलतीकडेच सरकत सुटायचा.

"तुमच्यावर गेलाय, नाना."

"माझ्यावर नाही, तुझ्यावर. कुणी डोळे वटारले की पळाला!"

शेवटच्या भेटीत म्हणाले, "आता त्याला थांबायला शिकवलंय. वीज एकदम पडली तर ढग समजायचा, जागचं हलायचं नाही." उपकेंद्रात डबा बसवून आले. पावसाळ्यात टिकतो का, एवढं पाहायचं राहिलं होतं... छातीत कळ आली ती त्याआधीच.

परवा वहिनींनी मला उपकेंद्रात पाठवलं. नानांनी नेलेलं वीज मोजायचं मीटर तिथंच राहिलं होतं, ते कॉलेजला परत करायचं होतं. आभाळ गच्च भरलेलं. मी नानांचा भाऊ म्हणताच नर्सबाईंनी फ्रिज उघडला, आत हात घालायला लावला.

"इतला दिन ढग व्हतात, पन एक बी बाटली फेकनी पडनी नई. नानाले सांगा, बठ्ठं थंड शे. आते धावपळ करानी गरज नई."

डोंगरात बातमी पोचलीच नव्हती. मी तोंड उघडलं...

"सांगतो," म्हणालो.

"दार लावा ना भाऊ, गारवा निंघी जाई."

मी हात बाहेर काढला आणि दार लावलं.