झाकणाचं पिंप

छापखान्यातल्या फडक्यांनी माझं डोकं पार पिकवलं होतं. नेहरू नगरमध्ये खाली आमचा छापखाना, वर घर. मशीनचे रूळ थिनरनं पुसायचे आणि फडकं काळं झालं की कचऱ्याच्या गाडीत टाकायचं, वर्षानुवर्षं हेच. जुन्या सुती साड्या फाडून फडकी पुरवणं हे सासूबाईंचं खातं. मग एकदा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, हा घातक कचरा आहे, झाकणाच्या पिंपात ठेवा, परवाना असलेल्यालाच द्या. "इसकी भाप फेफड़ों में जाती है, मॅडम." तेवढं मात्र मला लख्ख कळलं. शहरात कारखान्याचा विषारी गॅस सुटला, त्या गॅसकांडापासून सासूबाईंची छाती अधू.

पिंप आणलं. पण द्यायचं कुणाला? गाडीवाला हात लावेना. भंगारवाल्याला पिंप हवं, चिंध्या नकोत. टी. टी. नगरच्या सरकारी कचेरीत विचारायला गेले, तर एका टेबलावर म्हणाले, वाळली की चालतील. दुसऱ्यावर म्हणाले, वाळवायची तर मुळीच नाहीत! अरे, मग करू काय, लोणचं घालू?

एका सकाळी बघते तर पिंप रिकामं. म्हटलं, चला, नेलं कुणीतरी, सुटले बाई! वर आले तर न्हाणीघरातून खोकला. दार ढकललं आणि थिनरचा भपकारा आला. सासूबाई पाटावर बसून शेवटची दोन फडकी साबणानं चोळत होत्या, डोळे लालबुंद.

"आई, अहो, जीव द्यायचाय का? कचरा आहे तो!"

"सुती कापड कचरा कसं गं?" त्यांना धाप लागली होती. "गॅस सुटला तेव्हा असंच ओलं फडकं तुझ्या नवऱ्याच्या तोंडावर धरून पळाले मी. एवढंसं पोर. एकच फडकं होतं घरात. त्याच्यामुळे आहे तो, आणि मी फेकू?"

मला राग येत होता आणि रडूही. त्यांना धरून गच्चीवर मोकळ्या हवेत नेलं. त्यांच्या डोळ्यांचं पाणी खळेना. पुसायला दोरीवरचं फडकं ओढलं आणि थबकले. परवा फाडून धुतलेली, अजून न वापरलेली फडकी आणि पिंपातली, सगळी शेजारी शेजारी, सारखीच मळकट. एक नाकाशी नेलं, दुसरं नेलं. माझंच नाक थिनरनं भरलेलं, कुठलं कोणतं काही कळेना.