दुबईची वायर

नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीतले एक कारकून पाहुण्याला आधी डोळे मिटायला लावत, मग रेकॉर्ड लावत.

“तबल्याची शाई ऐकू येते का? या वायरची कमाल!”

स्पीकरची ती बोटाएवढी जाड, महागडी वायर त्यांनी मेहुण्याकडून दुबईहून मागवली होती. तिला केरसुणीसुद्धा लागू देत नसत. शाई आम्हाला कधीच ऐकू आली नाही, पण चहा मिळायचा म्हणून आम्ही ‘हो हो’ म्हणायचो.

त्या वर्षी भीमजयंतीला शेजारच्या आजी गायला उभ्या राहिल्या आणि कर्ण्याची वायर जळाली. आजी मुक्या माइकसमोर तशाच उभ्या. कारकून घरात धावले आणि परतले ते दुबईची वायर आणि विळी घेऊन! आमच्यादेखत त्यांनी ती कचकच कापली आणि जळालेल्या तुकड्याच्या जागी जोडली. आजी पोटभर गायल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरच्या स्पीकरला टेबललॅम्पची साधी वायर लावली आणि डोळे मिटून अख्खी रेकॉर्ड ऐकली. डोळे उघडले तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता.

“अहो,” ते पुटपुटले, “शाई अजून ऐकू येतेय!”