पाहुण्यांसमोरची भाषा

आज वांगं भाजताना धूर डोळ्यांत गेला आणि चाळीसगावजवळच्या गावातली आत्याची चूल आठवली. जगातल्या सगळ्या भाषांची वाक्यं कुठे सारखी घडतात, हे तपासणारा एक संशोधक तिची अहिराणी टिपायला आला होता. त्यानं मोबाईल पुढे ठेवताच आत्यानं पदर सावरला आणि पाहुण्यांसाठी राखलेली शुद्ध मराठी काढली, “आमच्याकडे कापूस होतो. हवामान उत्तम आहे.” “अगं, घरच्यासारखं बोल ना,” मी म्हणालो. “पाव्हण्यासमोर?” तिनं मलाच दटावलं. रेकॉर्डिंग बंद करून तो उठला, तशी चुलीपासून आत्याची हाक आली, “भाऊ, भाकर तयार शे, बठ्ठा खाईसन जा!” आम्ही सगळेच हसत जेवायला बसलो, फोन त्याच्या खिशातच राहिला. आता आत्या नाही. त्यानं मला पाठवलेलं ते रेकॉर्डिंग कधी लावलं, तर त्यातली बाई हवामान नीट सांगते, पण जेवायला बोलवत नाही.