कप्तानीणबाई बोटीवर जातात

इमारतीत सगळे त्यांना कप्तानीणबाई म्हणत. यजमान कप्तान वगैरे काही नव्हते. मालवाहू बोटीच्या अगदी तळाला इंजिनांना तेल घालायचं काम करत. पण सुट्टीवर आले की जिन्यात बसून दूरदूरच्या बंदरांच्या गोष्टी असे काही रंगवत, की कुणीतरी थट्टेने हे नाव ठेवलं आणि ते बाईंना चिकटलं ते चिकटलंच.

वर्षातले जेमतेम दोन महिने नवरा घरी, बाकी सगळं वर्ष पाण्यावर. अशा संसारात बाईंनी मुलगी वाढवली, समोरच्या शिंप्याची काज-बटणं केली, नळ गळण्यापासून मुलीच्या गोवरापर्यंत सगळं एकटीने निस्तरलं. यजमान निवृत्त होऊन घरी आले आणि दोघांना एकमेकांची जरा कुठे सवय होतेय, तोच गेले. मुलगी नोकरीच्या गावी. डोळे अधू झाले तसं शिंप्याचं कामही सुटलं. दिवसभरात बोलायचं म्हटलं तर दूधवाला, नाहीतर शेजारीण.

त्या सुमारास गोदीतल्या जुन्या वखारीत शहराच्या दर्यावर्दी काळाचं संग्रहालय उघडलं. सगळी इमारत जाऊन आली.

"अहो कप्तानीणबाई, तुम्ही अजून गेला नाहीत?" शेजारीण म्हणाली. "तुमचं तर घरचंच कार्य!"

"मुलगी येणार आहे, तिच्याबरोबर जाईन."

मुलगी येते येते म्हणाली, पण प्रत्येक वेळी तिचं काहीतरी निघालं. शेवटी एका दुपारी बाईंनी ठेवणीतल्या चपला काढल्या, घराला कुलूप लावलं आणि निघाल्या.

वखारीत गारवा होता. बाई काचेच्या पेट्यांपुढून हळूहळू चालल्या. होकायंत्रं, दुर्बिणी, माणसाच्या मांडीएवढा जाड दोरखंड. सुकाणूपाशी मेणाचा कप्तान रुबाबात उभा केला होता. भिंतीवर जहाजमालकांचे फोटो. इंजिनाच्या खोलीतलं कुणीच नव्हतं. बाईंना वाईट वाटलं नाही, फक्त आपण चुकून दुसऱ्याच्याच लग्नाला आल्यासारखं झालं.

टोकाला मात्र एक खोली होती. मोडीत काढलेल्या बोटीतून जशीच्या तशी कापून आणलेली, खलाशाची. लोखंडी भिंती, एक खुंटी, वाटोळी खिडकी आणि भिंतीला ठोकलेला पलंग. झोपेत माणूस पडू नये म्हणून त्याला उंच काठ.

बाई दाराशी आडव्या लावलेल्या दोरीखालून वाकून आत गेल्या आणि पलंगावर वीत टाकून बघायला लागल्या. आयुष्यभर काज-बटणांची मापं धरलेला हात, आपोआप चालला.

"अहो बाई, आत जायचं नाही!" पहारेकरीण खुर्चीवरून उठून आली. खाकी गणवेश, डब्यातलं अर्धवट जेवण सोडून आल्यासारखा चेहरा.

"केवढासा हो हा," बाई म्हणाल्या. "आमचे हे चांगले उंच होते. यात मावले कसे असतील?"

पहारेकरणीचा आवाज खाली आला. "बोटीवर होते का?"

"जन्मभर."

बाईंना घरचा पलंग आठवत होता. लग्नातला, ऐसपैस. यजमान त्यावर एका कडेला, भिंतीला चिकटून, गुडघे पोटाशी घेऊन झोपत. मधे एवढी जागा मोकळी, तरी पाठ फिरवलेली. बाईंनी कधी विचारलं नाही. या माणसाला आपला शेजार नकोसा झालाय, असंच त्या धरून चालल्या होत्या. दर सुट्टीत, आणि निवृत्तीनंतरही.

"हे असे आखडून झोपायचे," त्या एवढंच म्हणाल्या.

पहारेकरणीने इकडेतिकडे पाहिलं. "पडायचंय का जरा? साहेब जेवायला गेलेत. पटकन."

बाई काठावरून पाय टाकून आडव्या झाल्या. ठेंगण्या असल्यामुळे त्यांना पलंग बरोबर बसला. वर हाताच्या अंतरावर लोखंडी छत. त्यांनी कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेतले, डोळे मिटले.

तेवढ्यात पावलं वाजली. एक जोडपं आलं होतं. पहारेकरीण चटकन बाजूला झाली. बाई घाबरून हलल्याच नाहीत.

"अय्या, हा पुतळा बघ किती खरा!" बायको म्हणाली.

"पण म्हातारी कशाला ठेवलीय? बोटीवर बायका कुठे असायच्या?" नवरा म्हणाला.

"असेल कुणाची तरी आई. चल, पुढे बघू."

ते गेल्यावर पहारेकरीण तोंडावर रुमाल धरून हसली. बाईही हसल्या, पण उठायला त्यांना जरा वेळच लागला.

बाहेर गोदीच्या कठड्याशी त्यांनी मुलीला फोन लावला.

"गेलीस का एकटीच? कसं होतं?"

"बरं होतं."

"बाबांचं काही होतं का तिथे?"

"पलंग होता."

"बाबांचा?"

"नाही गं. कुणाचा तरी. अगं, तुझे बाबा झोपायचे ना..."

"आई, मला आत बोलावतायत. संध्याकाळी करते हं फोन, नक्की."

संध्याकाळी फोन आला तो भलत्याच गडबडीत. नातवाची परीक्षा, गॅस संपलेला. पलंगाचं सांगायचं राहिलं, आणि मग ते सांगण्यासारखं वाटेनासं झालं. नंतर शेजारणीला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "आमचे तर घोरतात बाई!"

बाई पुढे अधूनमधून तिथे जात राहिल्या. पहारेकरीण स्टूल द्यायची, थर्मासातला चहा टोपणात ओतून द्यायची. तिचाही नवरा परगावी कामाला होता. दोघी फार बोलत नसत. पुढे तिची बदली झाली. तिच्या जागी एक कडक गृहस्थ आले. दोरीला हात लागला तरी ते शिट्टी वाजवतात.

बाई अजून जातात. दोरीच्या अलीकडे उभ्या राहून पलंगाकडे बघतात. मागून कुणी आलं की बाजूला होऊन त्यांना वाट देतात.